थंड पाण्याचा नेम

भालकीच्या शाळेत मी पाचवीच्या मुलांना भागाकार शिकवत होते, तेव्हा धाकटा भाऊ वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा बघूनच मला कळलं. "आत्या गेली," तो म्हणाला आणि डोळे पुसता पुसता पुढं म्हणाला, "पन सत्तरी गाठूनच गेली बघ अक्का. डॉक्टरचा अंदाज हुकला." रडू यायच्या आधी मला हसू आलं. यमुनाआत्याच्या बातमीला तेच शोभलं असतं. तिला जाऊन आता सव्वा महिना झाला, पण मला अजून दुःख करत बसावंसं वाटत नाही. तिची मिरवणूक काढावीशी वाटते.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर वारला, म्हणून ती हुलसूरला माहेरीच राहिली आणि शेतात राबली. आज्जानं धम्म स्वीकारला आणि घरातले देव टोपलीत घालून तो मांजरा नदीवर निघाला, तेव्हा सोबत फक्त आत्या गेली. काठावर आज्जाच्यानं टोपली सुटेना, म्हणून टोपली आत्यानंच पाण्यात उपडी केली. पुढं चार-पाच वर्षांत आज्जाचे तळहात, ओठ, डोळे लालभडक झाले. डोकं सारखं दुखायचं आणि अंघोळ झाली की तो अंग ओरबाडत बसायचा. एका सकाळी त्याची उजवी बाजू गेली आणि आठवड्याच्या आत तो संपला. शेजारच्या काशाबाईनं भिंतीवरूनच निकाल दिला, "देव बुडिवले की ह्यांनी. देव सोडतील व्हय?"

आणि दहाएक वर्षांनी तीच लाली आत्याच्या तळहातांवर उतरली. ऊन पाणी अंगावर घेतलं की मुंग्या सोडल्यासारखी खाज. आजी उदगीरला जाऊन देवीचा चांदीचा टाक करून घेऊन आली आणि ज्वारीच्या कणगीत लपवून ठेवला. "टोपली तू उपडी केलीस, यमुने," ती म्हणाली, "आता तूच देव बसीव." आत्या आमची बोलायला तिखट, पण तेव्हा विळा घेऊन रानात निघून गेली. पुढं कितीतरी वर्षांनी तिनं मला सांगितलं, "मरणाचं भ्या न्हवतं गं. बापाला म्याच मारलं का काय... हे आतून खायचं."

वडिलांनी तिला गुलबर्ग्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. राज्याचं नाव तेव्हा अजून म्हैसूरच होतं. डॉक्टर अर्धं कन्नड, अर्धं दख्खनी बोलत. त्यांनी सांगितलं की हाडांतला मगज गरजेपेक्षा फार रक्त तयार करायलाय, त्यानं रक्त दाट होतं आणि कुठंतरी अडकतं. रक्ताचाच कॅन्सर, पण सावकाश चालणारा. दर काही महिन्यांनी बाटलीभर रक्त काढून टाकायचं, गोळ्या घ्यायच्या. किती वर्षं जगेन, असं आत्यानं तोंडावर विचारलं, तर त्यांनी दहा बोटं दाखवली. मग तिनं खरा प्रश्न विचारला, "हे कुळातून येतंय का?" डॉक्टर म्हणाले, रोग जसाच्या तसा येत नाही, पण त्याच्याकडं झुकणारा कल एखाद्या घराण्यात उतरतो. उताराच्या रानात पाणी लवकर खाली जातं, तसं. पण पाऊस पडेलच असं नाही. तुझ्या वडिलांच्या मागं आणखी कुणी होतं का, ते शोध.

आत्यानं दुसऱ्याच दिवशी चिंताकीची बस धरली. तिथं आज्जाची थोरली बहीण गौराबाई नांदली होती आणि दीक्षेच्या कितीतरी आधी वारली होती. गौराबाई म्हणजे देवभोळेपणाची हद्द. लोक तिच्या पायावर डोकं ठेवायचे. तिच्या सुनेला आत्यानं विचारलं, असं कामून?

"नेम व्हता की तिचा," सून म्हणाली. "पौषात सुदीक थंड पाण्यानंच आंग धुवायची."

"आन ऊन पाणी घेतलं तर?"

"खाजवून रगत काढायची. म्हणायची, देवीला ऊन पाणी चालत न्हाई."

"तळहात कसे व्हते?"

"कुंकवात बुडिवल्यागत लाल. शेवटी एक बाजूच गेली बघा."

आत्या त्या अंगणात बसून इतकी हसली, की बाईनं घाबरून पाणी आणलं. आयुष्यभर देव डोक्यावर घेतलेल्या बाईलाही तेच झालं होतं! तिची खाज म्हणजे नेम आणि आमची खाज म्हणजे शाप... घरी पाऊल टाकताच तिनं आजीला विचारलं, "आई, तुझ्या नणंदंनं देव कवा बुडिवले व्हते गं?" आजीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग उठली, कणगीतून टाक काढला, पदरानं पुसला आणि चिंताकीला पाठवून दिला. तिथं देव होते, तिथं तो गेला.

डॉक्टर नंतर म्हणाले म्हणे, खानदानी दुखणं ऐकून पेढे वाटल्यासारखं तोंड करणारी बाई मी पहिल्यांदाच बघितली. पण आत्याचा बाप निर्दोष सुटला होता, आणि ती स्वतःही. त्यानंतर ती दर तिमाहीला गुलबर्ग्याला ताठ मानेनं जायची. "डास न इचारता पितो, डॉक्टर इचारून घेतो," असं म्हणून बाही वर करायची. दहा बोटांची मुदत संपली, तेव्हा तिनं त्याच डॉक्टरांना आमच्या शेतातल्या तुरी नेऊन दिल्या.

घरातल्या प्रत्येकाच्या अंघोळीवर तिचा डोळा असे. मी कॉलेजात असताना एका हिवाळ्यात अंग खाजवत न्हाणीतून बाहेर आले, तर तिनं आधी माझे हात उलटे करून तळहात पाहिले. मला तेच निघालं. मी रडले. ती म्हणाली, "रड की. पन हात फुडं कर." माझं लग्न ठरवताना सगळ्यांनी गप्प बसायचं ठरवलं होतं. आत्यानं बैठकीतच सांगून टाकलं, "पोरीला रक्ताचा रोग हाय आन त्याचं औषध बी हाय. ज्याला भ्या वाटायलंय, त्यानं चहा पिऊन जावं." तीन स्थळं चहा पिऊन गेली. चौथ्यानं दुसरा कप मागितला. तो आज माझ्या लेकीचा बाप आहे.

परवा हुलसूरला गेले. आत्याच्या न्हाणीत तिचा रांजण आणि पोचे पडलेला जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, तांब्या जागच्या जागी होते. ऐन थंडीत मी त्या गार पाण्यानं अंघोळ करत होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून काशाबाईचा आवाज आला. आता ती पार वाकली आहे.

"थंड पाण्यानं का गं, सुमे?"

"व्हय, काकू." आता ही नेम काढते की शाप, याची मी वाट बघत राहिले.

"या खेपंला रगत काढून आलीस का?"

मी तांब्या रांजणावर ठेवला.

"बोल की. यमुना जाताना मला सांगून गेलीया, पोरीची तारीख चुकू द्यायची न्हाई म्हणून."

"सोमवारी जायलेय, काकू."

"सोमवारीच जा," काशाबाई म्हणाली.