हॉलंडच्या रेडिओचे गंगाखेडकर सभासद

युरोपातली सार्वजनिक नभोवाणी टिकवण्याच्या लढ्यात गंगाखेड तालुक्याने उचललेला वाटा इतिहासकारांना डावलता येणार नाही. हा वाटा आम्ही युरियाच्या रिकाम्या पोत्यात भरून पाठवला होता आणि पोत्याचं तोंड सुतळीने मी स्वतः शिवलं होतं.

माझी भाची सुजाता हॉलंडमध्ये रेडिओवर ध्वनिमुद्रणाचं काम करते. तिथला सार्वजनिक रेडिओ मोठा नवलाचा आहे. तिथे कार्यक्रम श्रोत्यांचे संघ करतात. चर्चवाल्यांचा एक, कामगारवाल्यांचा एक, कशावरच विश्वास नसलेल्यांचाही एक (मी तिथे असतो तर याचा आजीव सभासद!). सभासद भरपूर असले तर संघाला रेडिओवर जागा. शेजारी खासगी स्टेशनंही आहेत. तिथे गाणी, बक्षिसं आणि गाद्यांच्या जाहिराती. सुजाताचा कार्यक्रम म्हणजे दर रविवारी अर्धा तास दलदलीतल्या पाखरांचे आवाज. मध्ये कुणी चकार शब्द बोलत नाही! खासगीवाल्यांना हे झेपणारं नाही, कारण पाखरं जाहिराती देत नाहीत. मी राज्यशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. अशा देशाबद्दल मला किती आदर वाटला असेल, ते घरच्यांना विचारा. त्यांनी तो महिनोन्‌महिने ऐकलाय.

एका संध्याकाळी मी ताईकडे बसलेलो असताना सुजाताचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा उतरलेला.

“मामा, आमच्या संघाचे सभासद कमी पडायलेत. या महिन्यात भरले नाहीत तर पहिल्यांदा माझाच कार्यक्रम बंद. मग मला गाद्यांच्या जाहिराती कराव्या लागणार.”

मी ‘लोकशाही आणि ध्वनिलहरी’ या विषयावर घसा साफ केला. तेवढ्यात तिचे वडील, म्हणजे आमचे दाजी, फोनपुढे सरसावले. गावच्या सोसायटीच्या निवडणुकीत दाजींचं पॅनेल कधी पडलेलं नाही.

“सभासद कमी हायत, एवढंच ना? मग रडायलीस कशाला?”

“बाबा, ते आपल्या सोसायटीसारखं नसतंय...”

“सभासद हाय, फॉर्म हाय. मग सोसायटी न्हाई तर काय हाय?”

सुजाताकडे याचं उत्तर असावं, पण फोन कट झाला.

संघाचा फॉर्म मी इंटरनेटवरून उतरवला आणि मोबाइलच्या मदतीने त्याचं मराठी केलं. संपादनाची जुनी खोड असल्यामुळे तळाची बारीक अक्षरातली एक लांबलचक ओळ ‘पाल्हाळ’ म्हणून गाळून टाकली.

दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात सभा. दाजींनी सांगितलं, “आपली सुजी लय अडचणीत हाय. सह्या ठोका!” बिचारी माणसं पोरीच्या नावावर आली, रांगेत उभी राहिली. शंका मात्र होत्या.

“सर, दिवाळीला सभासदाला साखर मिळंल का?” धुरपतामावशींनी मला विचारलं. (कारखान्याची मिळते!)

“मावशी, रेडिओ आहे तो.”

“मग रेडिओ मिळंल का?”

दुपारी दाजींचे विरोधक भगवानराव आपली माणसं घेऊन हजर झाले. एवढे सभासद एकट्या दाजींचे होऊ देणं त्यांना परवडणारं नव्हतं. “फॉर्म आमी बी भरणार. पण तिथं चेअरमन कोण होणार, ते आधी ठरवा!” व्हाइस चेअरमनपदावर तडजोड झाली. प्रत्येक फॉर्मला फोटो, आधारची झेरॉक्स, आणि अंगठा असेल तिथे दोन साक्षीदार. वर माझं सार्वजनिक प्रसारणाच्या तत्त्वज्ञानावर बारा पानी इंग्रजी पत्र. पोस्टातल्या क्लार्कने विचारलं, “पोत्यात काय हाय?” दाजी म्हणाले, “बहुमत.”

पंधरा दिवसांनी सुजाताचा फोन. सगळं गाव ताईच्या अंगणात, कडुनिंबाखाली.

“मामा, पोतं आलं. ऑफिसात आधी वाटलं, तांदूळ आलेत.”

“मोजले का फॉर्म?”

“मामा, सभासद इथंच राहणारा लागतो. फॉर्मच्या तळाशी स्पष्ट लिहिलंय!”

अंगणातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. दाजी शांतपणे म्हणाले, “सरांनी गाळलं आसंल. कालेजात बी पोर्शन गाळायचे.”

पण त्या देशाला मी उगाच मानत नाही. त्यांच्या निवेदिकेने ते पोतं टेबलावर ठेवून रेडिओवर सांगितलं, की गोदावरीकाठच्या एका गावाने आमची पाखरं वाचवायला अंगठे उठवलेत, आणि तुम्हाला इथे बसून एक फॉर्म भरवत नाही? (माझ्या बारा पानांतलं एकही वाक्य तिने घेतलं नाही.) डच माणसं शरमली. आठवड्याभरात संघाचे सभासद भरले, कार्यक्रम वाचला! सुजाता फोनवर रडली, ताई अंगणात रडली आणि भगवानरावांनी आपण व्हाइस चेअरमन झालो असं समजून पेढे वाटले.

मग लक्षात आलं, की हा कार्यक्रम आमच्यापैकी कुणी कधी ऐकलेलाच नाही.

रविवारी सगळे पुन्हा अंगणात जमले. मी मोबाइल पाटावर ठेवला, बटण दाबलं, डोळे मिटले. आणि लगेच किलबिल! मी हळू आवाजात समजावू लागलो, “ऐका. ही सार्वजनिक रेडिओची प्रत! खासगीवाल्यांना असा आवाज सात जन्मांत जमणार नाही. पाखरू कसं अगदी डोक्यावर बसल्यासारखं वाटतं! याला म्हणतात युरोपियन ध्वनिमुद्रण.”

माणसं माना डोलावत होती. धुरपतामावशींनी हात जोडले. वीसेक मिनिटं मी बोलत होतो.

“सर,” दाजी पाटावर वाकून म्हणाले, “ह्याच्यात ते गोल गोलच फिरायलंय अजून.”

गावातलं नेट सकाळपासून बंद होतं. पाखरं कडुनिंबावरची होती.