कॉमाबाई कांदळगावकर

परळच्या त्या मराठी शाळेत सुभद्रा कांदळगावकर हे नाव फक्त शिक्षकांच्या मस्टरवर होतं. मुलांच्या तोंडी त्या कॉमाबाई. सहावी-सातवीचा इंग्रजीचा तास घ्यायला त्या वर्गात शिरल्या की मागच्या बाकावरून दबका आवाज यायचा, “आली रे आली कॉमाबाई!” बाई खडू उचलता उचलता म्हणायच्या, “दोन ‘आली’च्या मध्ये थोडं थांबायचं असतं. परत म्हण.” तो पोरगा उभा राहून, नीट थांबून, परत म्हणायचा. वर्ग खो खो हसायचा आणि तास सुरू व्हायचा.

बाईंचं इंग्रजी कुठल्या कॉन्व्हेंटात घडलेलं नव्हतं. वडील मालवणजवळच्या कांदळगावातून येऊन लालबागच्या गिरणीत लागलेले. गिरणी बंद पडली, आणि बारावी झालेल्या सुभद्राने फणसवाडीतल्या एका छापखान्यात नोकरी धरली. काम काय, तर मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा. शेजारी बसलेले हेरंबकाका छापलेल्या कागदाशी तो ताडून पाहत. मजकूर बहुतेक इंग्रजी. निम्म्या शब्दांचा अर्थ तिला कळत नसे. पण चिन्हंही तोंडाने म्हणावी लागत: कॉमा, फुलस्टॉप, अवतरण सुरू, अवतरण बंद. ती घाईघाईने चिन्ह गाळून पुढे गेली की हेरंबकाका पेन्सिल टेबलावर आपटत.

“शब्द काय, कुणीही वाचेल. तू चिन्हं वाच, सुभद्रे. लिहिणारा माणूस तिथे बसलेला असतो.”

आठ वर्षं तिने चिन्हं वाचली. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून चिन्हांच्या मागोमाग अर्थही यायला लागला. संध्याकाळच्या कॉलेजात बीए झालं, मग बीएड. एकोणतिसाव्या वर्षी ती परळच्या शाळेत बाई म्हणून रुजू झाली, त्यालाही आता पंचवीस वर्षं झाली. शिक्षकांच्या खोलीत तिच्या उच्चारांवरून कुणी कुणी नाक मुरडायचं. बाईंना त्याचं काही वाटत नसे. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’त आपली गफलत होते हे त्यांना ठाऊक होतं, आणि आपल्या वर्गातलं पोर कुठलाही उतारा वाचून तो काय म्हणतो ते सांगतं, हेही ठाऊक होतं.

त्यांची शिकवण्याची पद्धत गोंगाटाची. एकाने वाचायचं, शेजारच्याने कॉमाला बोट उचलायचं, फुलस्टॉपला बाकावर थाप मारायची. प्रश्नचिन्ह आलं की सगळ्या वर्गाने भुवया वर करायच्या. यंदा नवीन आलेल्या मुख्याध्यापिका एकदा दारात येऊन उभ्या राहिल्या.

“कांदळगावकर बाई, हा वाचनाचा तास आहे की भजनाचा?”

“मॅडम, भजनातसुद्धा दम कुठे घ्यायचा ते ठरलेलं असतं,” बाई म्हणाल्या. “पाच मिनिटं बसता का?”

मॅडम बसल्या. पाचाची वीस मिनिटं झाली. त्यानंतर त्यांनी पुन्हा भजनाचं नाव काढलं नाही.

त्या वर्षी सातवीत प्राची घाडी होती. लालबागच्या एका चाळीतली, चुणचुणीत, दोन घट्ट वेण्या. तिला वाटायचं, इंग्रजी जितकं भरभर तितकं चांगलं. पुस्तक हातात आलं की ती एका दमात पान संपवायची आणि विजयी मुद्रेने खाली बसायची.

“छान,” पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या. “काय होतं गं धड्यात?”

प्राचीने पुस्तकाकडे पाहिलं, मग बाईंकडे. “ते नाही माहीत.”

“मग कुणासाठी वाचलंस?”

पोरीचा चेहरा उतरला. बाईंनी तिला मधल्या सुट्टीत थांबवून घेतलं, तोच परिच्छेद समोर ठेवला आणि प्रत्येक फुलस्टॉपला तिला पुस्तक मिटायला लावलं. पुस्तक मिटायचं, वाक्यात काय घडलं ते मराठीत सांगायचं, मगच पुढे. धड्यातला म्हातारा आपला चष्मा घरभर शोधत होता. सहाव्या वाक्याला प्राची एकदम फिसकन हसली.

“बाई, त्याच्या डोक्यावरच आहे!”

“मघाशी भरभर वाचलंस तेव्हाही तो तिथेच होता. तू थांबली नव्हतीस.”

त्यानंतर प्राचीला थांबायचं वेडच लागलं. दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, सगळीकडे ती चिन्हं शोधायची. दिवाळीनंतर एकदा तिनेच विचारलं, की ‘हू’च्या आधी कधी कॉमा असतो आणि कधी नसतो, असं का? हा धडा खरं तर वरच्या वर्गांचा. पण प्रश्न आला तर तो तसाच परत पाठवायचा नाही, हा बाईंचा नेम. त्यांनी फळ्यावर लिहिलं: ‘द गर्ल्स हू हॅव रेड रिबन्स विल स्टँड अप.’

लाल रिबिनीच्या चार मुली उभ्या राहिल्या. मग बाईंनी ‘हू’च्या आधी एक आणि ‘रिबन्स’च्या नंतर एक असे दोन कॉमा घातले. “आता?”

मुली एकमेकींच्या रिबिनी बघायला लागल्या.

“आता या वाक्याचा अर्थ असा, की सगळ्याच मुली उभ्या राहतील, आणि सगळ्यांच्याच रिबिनी लाल आहेत. कॉमा नव्हते तेव्हा आपण चौघींना निवडत होतो. कॉमा आले आणि निवड गेली.”

“पण माझी पांढरी आहे,” प्राची बसल्या जागेवरून म्हणाली. “मी उठणार नाही. वाक्य खोटं बोलतंय.”

“शाबास! हेच सांगायचं. वाक्य खोटं बोलत असेल तर उठायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी प्राची तासाआधीच वर्गात हजर. तिने वहीत एक वाक्य उतरवून आणलं होतं. चाळीच्या पुनर्विकासाचं पत्र घरी आलं होतं, त्यातलं. ‘द टेनंट्स, हू हॅव गिव्हन देअर कन्सेंट, शॅल व्हेकेट देअर रूम्स.’ दोन्ही कॉमा तिने लाल पेनने गिरवले होते.

“बाई, आमच्या पप्पांनी कन्सेंट दिलीच नाहीये. हे पण रिबिनीसारखंच ना?”

बाईंनी वाक्य दोनदा वाचलं. त्या म्हणाल्या, “पप्पांना सांग, अख्खं पत्र घेऊन ये म्हणावं. मला सगळं वाचल्याशिवाय बोलता येणार नाही.”

राजेश घाडी एका लॅबमध्ये कामाला होता. संध्याकाळी ड्युटी संपवून तो तसाच शाळेत आला. तो म्हणाला, की चाळीत ऐंशी खोल्या आहेत आणि संमतीच्या सह्या जेमतेम पंचेचाळीस झाल्यात. बाकीच्यांना आधी करार बघायचाय. रविवारी मीटिंग आहे, तिथे सगळ्यांनी या पत्रावर सही करायची, पत्र मिळालं म्हणून.

“नुसतं मिळालं म्हणून नाही,” बाई शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या. “इथे लिहिलंय, वरचा मजकूर बरोबर आहे आणि आम्हाला मान्य आहे.”

राजेशने ती ओळ पुन्हा एकदा स्वतः वाचून पाहिली. मग म्हणाला, “बाई, रविवारी याल?”

“मी वकील नाही हो, राजेशभाऊ.”

“वकील नकोच. आमच्यात वाचणारं कुणीतरी पाहिजे.”

बाई गेल्या. चाळीच्या चौकात खुर्च्या मांडल्या होत्या. टेबलापाशी चाळ कमिटीचे अध्यक्ष बुधाजी लाड बसले होते. जुने गिरणी कामगार, पंचाहत्तरीतही ताठ. त्यांच्या शेजारी बिल्डर कंपनीचा उन्मेष, इस्त्रीच्या शर्टातला, गोड बोलणारा तिशीतला माणूस. त्याने पत्राचा अर्थ मराठीत सांगितला: ज्यांनी संमती दिली त्यांनी आधी खोल्या खाली करायच्या, बाकीच्यांशी नंतर बोलू. लोकांनी माना डोलावल्या. सह्यांसाठी रांग लागायला लागली, तेवढ्यात राजेश उठला.

“एक मिनिट. पत्र एकदा मोठ्याने वाचू द्या.”

बाईंनी कागद घेतला आणि प्राचीच्या हातात दिला. “वाच. घाई नको.”

प्राची खुर्चीवर चढली. तिने तेच वाक्य वाचलं आणि दोन्ही कॉमांना अशी थांबली, की उन्मेषनेही मान वर केली. मग बाईंनी लोकांना सांगितलं. रिबिनींचा दाखला दिलाच, पण सरळ शब्दांतही सांगितलं: साहेब बोलले ते वेगळं आणि कागद बोलतोय ते वेगळं. कागद म्हणतो, ऐंशीच्या ऐंशी खोल्यांनी संमती दिलेली आहे आणि सगळ्यांनीच खोल्या खाली करायच्या आहेत. खाली सही केली की ते तुम्हीच कबूल केलं.

बुधाजींच्या कपाळाला आठी पडली. सह्या लवकर व्हाव्यात अशी त्यांची इच्छा होती. नवीन घरात चार दिवस काढायचे होते त्यांना. “बाय माझे,” ते म्हणाले, “एका टिंबान काय होतला?”

“टिंब नाय, काका, शेपटीवाला टिंब,” बाई मालवणीतच उत्तरल्या. “आणि एक नाय, दोन.”

चौकात हशा पिकला. उन्मेषही हसला. “बाई, साधा कॉमा आहे हो. एवढं काय त्यात?”

“साधाच आहे ना? मग काढून टाका.”

“तसं मला नाही करता येणार. ड्राफ्ट ऑफिसमधून येतो.”

“मग ऑफिसला विचारा. आम्ही थांबतो. थांबायची आम्हाला सवय आहे.”

उन्मेष बाजूला जाऊन फोनवर बोलला. परत आला तेव्हा त्याचा गोडवा जरा कमी झाला होता, पण तो म्हणाला, की दुसरं पत्र येईल. बुधाजींनी सह्यांचं रजिस्टर मिटलं. दोघा-तिघांनी कुरकुर केली, की एका बाईपायी काम लांबलं. बाईंनी ती ऐकून घेतली. एक म्हातारी मात्र त्यांचा हात धरून म्हणाली, “बरा केलंस गो.”

नऊ दिवसांनी नवीन पत्र आलं. दोन्ही कॉमा गेले होते, मान्यतेची ओळ गेली होती, आणि सोबत मराठी प्रतही होती. पहिल्या पत्रातली ती चूक होती की चतुराई, हे कुणालाच कळलं नाही. कमिटीच्या वकिलाने, ज्याने पहिलं पत्र न वाचताच बरोबर म्हटलं होतं, दुसरं मात्र ओळ न् ओळ तपासलं. दोन महिन्यांनी राजेशने संमती दिली. करार त्याने स्वतः बसून, डिक्शनरी घेऊन वाचला होता आणि त्यातल्या तीन गोष्टी बदलून घेतल्या होत्या.

फेब्रुवारीत बुधाजी शाळेच्या ऑफिसात आले. मुख्याध्यापिकांना म्हणाले, “तुमच्या बाई आमच्या मोठ्या माणसांक असले कागद वाचूक शिकवतील काय? शनिवारी दुपारचा एक वर्ग दिलात तर बरा होईत.” मॅडमनी बाईंना बोलावून विचारलं, बाईंनी मान डोलावली, आणि मॅडमनी वर्गाची किल्ली काढून दिली.

पहिल्या शनिवारी अकरा जण आले. सातवीच्या बाकांमध्ये गुडघे कसेबसे मावत होते. बुधाजी पहिल्या बाकावर. नलू नावाची कोळीण बाजार आटोपून, हात धुऊन थेट आली होती. नवऱ्याचा हॉस्पिटलचा कागद तिच्या पिशवीत चार घड्या घालून ठेवलेला. बाईंनी तो बाकावर सपाट केला.

“शब्दांचे अर्थ मी सांगते. कुठे थांबायचं ते तुम्ही बघा.”

नलूने जाड बोट ओळीवर ठेवलं. पहिली ओळ पुरी व्हायला खूप वेळ गेला. बाईंनी कुणालाही मध्ये बोलू दिलं नाही. फुलस्टॉप आला तशी नलूने बाकावर अशी थाप मारली, की बुधाजी दचकले.

“कळलं,” ती म्हणाली. “ही गोळी जेवल्यावर द्यायचीय, आधी नाही. पुढची ओळ सांगा, बाई.”