मनगटापासून बोटांपर्यंत

"हात दे. निल्लू."

मैलूरच्या आमच्या गल्लीत जो कोणी अक्काच्या ओट्यावर चढे, त्याच्या कानांवर पहिल्यांदा हे पडे. निल्लू म्हणजे थांब. एरवी ती तुमच्याआमच्यासारखे मराठी बोले. हुकूम सोडायचा झाला की तिला कानडी लागे. आपला हात उताणा पुढे धरून ती अशी थांबे, की घाईतला माणूस ओशाळून खाली बसे.

तिचा धाकटा भाऊ पाहू शकत नव्हता आणि ऐकूही शकत नव्हता. लहानपणी एका तापात त्याचे कान गेले, पुढे देवीत डोळे. तो दिवसभर अंबाडीचे दोर वळी, आणि नवऱ्यामागे माहेरी परतलेली अक्का त्याच्या तळहातावर बोटांनी बोले. तिथे प्रत्येकाला एक नाव होते. मी कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देणारा. माझे नाव म्हणजे तळहातावर आपटलेली मूठ.

"शिक्का मारल्यावानी," अक्का म्हणे. "आन् तुमचा राग बी तसाच हाय की, अण्णा."

हे नाव मला मान्य नव्हते. पण त्याविरुद्ध दाद मागावी असे न्यायालय कोठे होते?

एक खूण मात्र नीट सांगून ठेवतो. आपल्याकडे घरातून निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. अक्काने तोच रिवाज तळहातावर उतरवला होता. निघताना भावाच्या मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत रेघ ओढायची, आणि न उचलता तसेच बोट मनगटापर्यंत परत आणायचे. जाऊन येते. परतीची रेघ पुरी होईपर्यंत तो कोणाचेही बोट सोडत नसे.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचे राज्य गेले, कचेऱ्यांतले साहेब बदलले, उर्दू कागद हळूहळू मागे पडले. नवे राज्य आले आहे, तर नवे दार ठोठावून पाहावे, असे मला वाटले. अक्काच्या भावासारख्या माणसाशी कसे वागावे, हे घरच्यांना शिकवणारा कोणीतरी पाठवा, म्हणून मी अर्जामागून अर्ज केले. आंधळ्यांच्या एका शाळेने कळवले की इसम बहिरा आहे, सबब माणूस पाठवता येत नाही. बहिऱ्यांच्या शाळेने कळवले की इसम आंधळा आहे, सबब माणूस पाठवता येत नाही. एका देहात दोन उणिवा आल्या की तो देह दोन्ही खात्यांच्या हद्दीबाहेर जातो, हे कोणत्या कलमात लिहिले आहे, असे मी उलट विचारले. त्याचे उत्तर अद्याप यायचे आहे.

"काय म्हंतंय तुमचं सरकार?" अक्काने विचारले.

"नाही म्हणते."

"मग मीच शिकवते. बसा खाली."

येथे एक गोष्ट लपवणे बरोबर होणार नाही. अक्का काही देवमाणूस नव्हती. कित्येक वर्षे तिने कोणाला भावाजवळ फिरकू दिले नव्हते. दुसऱ्या कोणी त्याला पाणी दिले तरी तिचे तोंड उतरे. पण दम्याने तिला धरले. दोन शब्द बोलून ती खांबाला टेके, आणि मग तिला भीती वाटू लागली. "मी गेल्यावर ह्याच्यासंगं बोलायचं कुणी? ह्यो काय आंधारात बसून ऱ्हायचा?" एवढे एकच तिच्या जिवाला लागले होते. त्यापायी ती दुपार कलली की गल्लीला ओट्यावर बोलावू लागली.

शिकवणी कडक होती. ती एकेकाच्या डोळ्यांवर फडके बांधी, कानांत कापूस कोंबी. माझी पाळी आली तेव्हा न सांगता कोणीतरी माझ्या तोंडात काही कोंबले. मी थुंकलो, फडके ओढले, आणि हा सरळसरळ गुन्हा होतो असे ओरडलो.

"गूळ हुता, अण्णा," अक्का हसताहसता खोकू लागली. "आधी हातावर ठिवला आसता, तर थुंकला आसता का?"

सर्वांत लवकर शिकली ती शेजारची भागू. धनगराची सून, रोजंदारीने दुसऱ्यांच्या शेतावर जाणारी. सुरुवातीला तीच अधिक कुरकुरे.

"अक्का, मला घरच्या धन्यासंगं बोलायला जमंना, ह्यांच्यासंगं काय बोलू?"

"तुझा धनी कान असून ऐकत न्हाई. ह्यो हात दिला की ऐकतो. कामून घाई करायलीस? निल्लू!"

एका सकाळी अक्काचा दम परतला नाही.

त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे तिला भिंतीला टेकवून बसवले, विभूती लावली, फुले घातली. डाव्या तळहातावर इष्टलिंग, उजवा हात मांडीवर मोकळा. ती अगदी नेहमीसारखी बसली होती. ओट्यावर बसे तशी.

आत तिचा भाऊ दोर वळत होता. भाऊबंदांतले एक वडीलधारे अप्पा म्हणाले, "त्याला आणू नका. त्याला काय कळायलंय? बाहेरगावी गेली म्हणून ऱ्हाईल गप."

"ज्याच्याविरुद्ध निकाल लागला, त्याला साधी नोटीसही बजावायची नाही?" मी विचारले. "खुनाच्या आरोपीलासुद्धा निकाल वाचून दाखवतात, अप्पा."

"मग तुम्हीच सांगा जावा, वकीलसाब."

मला तेवढ्या खुणा येत नव्हत्या. त्या कोणालाच येत नव्हत्या. अक्काने पाणी शिकवले, ताप शिकवला, शिक्का शिकवला. मरण शिकवणे तिच्याने झाले नव्हते.

भागूच आत गेली आणि त्याला घेऊन आली. तो अक्कासमोर बसला, तिचा उजवा हात चाचपला, आपला तळहात त्याखाली सरकवला आणि ती बोलेल म्हणून थांबला. शिकवले होते तसाच. बराच वेळ.

भागूने आपला हात पुढे केला. त्याने तो धरला. तिने त्याच्या अंगठ्याच्या बुडाशी दाब दिला. ते अक्काचे नाव. मग मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत रेघ ओढली आणि बोट सोडवून उचलले.

त्याचा तळहात तसाच उघडा राहिला. परतीच्या रेघेची वाट पाहत.

"चला, उचला आता," अप्पा म्हणाले. खांदेकरी पुढे सरकले.

"निल्लू!" मी ओरडलो. आयुष्यात मी एवढाच कानडी हुकूम दिला असेन. सगळे जागच्या जागी थांबले.

तो हळूच पुढे वाकला. अक्काचा मोकळा हात त्याने उताणा केला, तिच्या मनगटावर आपले बोट टेकवले आणि बोटांच्या टोकांपर्यंत सावकाश रेघ ओढली. तिथे थोडा थांबला. मग त्यानेही बोट उचलले.