लव्हवेल पाळकांच्या प्रवचनाचं शेवटचं पान

उत्तर आणि दक्षिण राज्यांमधलं युद्ध संपून तेवीस वर्षं झाली, आणि आता आमच्या ईस्ट थॅरो गावात पहिल्यापासून गुलामगिरीच्या विरुद्ध नव्हतं असं एकही घराणं उरलेलं नाही. एवढे विरोधक युद्धाआधी असते तर युद्ध लागलंच नसतं. असो. चर्चला शंभर वर्षं झाली म्हणून समितीने संगमरवरी पाटी कोरून आणली: 'या व्यासपीठावरून रेव्हरंड एलिफलेट लव्हवेल यांनी १८३८ साली गुलामगिरीविरुद्ध निर्भयपणे प्रवचन दिले.'

पाटी खोटी नव्हती. अर्धी खरी होती.

उरलेलं अर्धं थर्झाबाईंच्या स्वयंपाकघरात, पिठाच्या जुन्या पिंपात होतं. पाळकांची ही थोरली मुलगी, वय सत्तर, लग्न नाही, एकतीस वर्षं गावच्या शाळेत शिक्षिका. पिंपात वडिलांची आठशे प्रवचनं, कागद वाचवायला आईने आडवी लिहून त्यावरच पुन्हा उभी लिहिलेली पत्रं, आणि घरातला एकूण एक चिठोरा. प्रवचन कुठे, कधी दिलं हे पाळक मंडळी त्याच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवतात. म्हणजे तेच त्याच गावाला पुन्हा ऐकवलं जात नाही. पाटीवरच्या प्रवचनाच्या शेवटी लिहिलं होतं:

'४ मार्च. इथे, अकराव्या पानापर्यंत. डीकन असाहेल पेटेंगिल यांनी उठून गायकांना खूण केली. गायकांनी शंभरावं स्तोत्र धरलं ते मी खाली उतरेपर्यंत सोडलं नाही. उरलेलं डाऊच्या गोठ्यात. माणसं नऊ.'

पुढच्याच महिन्यात पाळकांची नोकरी गेली. हे पाटीवर मावलं नसावं.

समितीचा अध्यक्ष हॉलिस पेटेंगिल, त्या डीकनचा, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्याचा, मुलगा. मेपलच्या पाकाची बरणी घेऊन तो बाईंकडे आला.

"बाई, शताब्दीच्या ग्रंथात प्रवचन छापायचंय. फक्त ते शेवटचं पान राहू द्या. ते काही प्रवचन नाही."

"मग काय आहे?"

"टाचण."

"ते टाचण तुझ्या बापाने घडवलं, हॉलिस. माझ्या वडिलांनी नुसतं उतरवून घेतलं."

"मेलेल्या माणसाबद्दल कशाला, बाई..."

"दोघंही मेलेत. कागद तेवढा जिवंत आहे, आणि तू त्याला कात्री लावायला निघालायस."

"गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"मग गावाने तेव्हा विचार करायचा होता. न्यायचं तर सगळं ने, नाहीतर एक अक्षर मिळणार नाही. आणि पाठीत वाकू नकोस. नऊ वर्षांचा होतास तेव्हाही असाच उभा राहायचास."

हॉलिस गेला. बरणी बाईंनी ठेवून घेतली. पाकाशी त्यांचं भांडण नव्हतं.

समितीने ठरवलं, ग्रंथ प्रवचनाशिवायच काढू. त्या जागी घंटेच्या वजनाची माहिती घातली.

शताब्दीच्या दिवशी बाहेरगावचे पाहुणे पाळक पाटीवरचा पडदा ओढून, बिचारे, भाबडेपणाने म्हणाले, "या थोर प्रवचनातलं काही ऐकायला मिळेल का?"

समिती छताकडे बघू लागली. थर्झाबाई उठल्या. चर्चमध्ये बाईमाणसाने बोलायची आमच्याकडे रीत नाही, पण त्यांना खाली बसा म्हणेल असा एकही माणूस त्यांच्या शाळेतून पास होऊन बाहेर पडला नव्हता.

"पहिली अकरा पानं या चर्चने ऐकलीत," त्या म्हणाल्या. "मी बाराव्यापासून वाचते."

वर सज्जात मुख्य गायकाचा हात स्तोत्रांच्या पुस्तकाकडे गेला. त्याने हॉलिसकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. हॉलिस मांडीवरच्या टोपीचं अस्तर निरखत बसला, आणि त्याने मान वर केली नाही.

खरं सांगायचं तर उत्तरार्ध कंटाळवाणा होता. बायबलातल्या नहेम्याने शहराची भिंत कशी बांधली याचीच चार पानं. पण कुणी खोकलंसुद्धा नाही. मग बाईंनी शेवटचं पान वाचलं, हजेरी घेतात त्या आवाजात, डीकनच्या नावासकट. आणि बसल्या.

बाहेर पायरीवर हॉलिसने त्यांना गाठलं. तोंड लाल झालं होतं.

"त्याच हिवाळ्यात माझ्या वडिलांनी तुमच्या घरी दोन गाड्या सरपण पाठवलं होतं. ते नाही वाचलंत?"

"आईच्या पत्रात आहे. 'असाहेलने लाकडं पाठवली, स्वतः मात्र फाटकाशी थांबला, आत आला नाही.'"

 

"हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

"तू एक पान कमी करायला आला होतास. बाकीची विचारलीस कुठे?"

"उद्या गाडी आणतो. पिंप घेऊन जातो."

"पिंप माझ्या घरातून हलणार नाही. कागद-शाई आण आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून उतरवून घे. सगळं."

सोमवारी सकाळी तो आला. शाईची दौत आणली होती, पाकाची बरणी नव्हती. बाईंनी पहिला गठ्ठा पुढे ठेवला, आणि त्याच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या.