वह्यांची तुला आणि माझं लिंबूपाणी

आमच्या घणसोलीच्या विहारात भीमजयंतीला दरवर्षी एका माणसाची तुला होते. एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात वह्या. पारडी समान झाली की तेवढ्या वह्या गरजू पोरांना वाटायच्या, उरलेल्या दुकानदाराला परत.

मागच्या वर्षी आमचे प्रितमराव बसले. न्हावा शेवा बंदरात मालाच्या क्लिअरिंगच्या ऑफिसात आहेत. कंटेनर सोडवता सोडवता स्वतःच कंटेनर झालेत. तुलेआधी मटण हाणलं, वर खिशात किल्ल्यांचा जुडगा. पारडं काही हलेना, तशा शिट्ट्या पडल्या. किलो माईकवर जाहीर झाले. तेव्हापासून कॉलर ताठ करून फिरतात.

मी संघप्रिया, त्यांची बायको. विहारात रोज संध्याकाळी पोरांचा अभ्यास घेते. नवऱ्याचा टी-शर्ट मला फिट्ट बसतो, दंडात जरा तंगच होतो. पण त्यांची ती तब्येत, माझा तो जाडेपणा. त्यांना सासूबाई आग्रहाने आणखी भाकरी वाढतात, आणि मला माझी सख्खी आई रोज सकाळी लिंबूपाण्याचे व्हिडिओ पाठवते.

यंदा मंडळाचा सुगत म्हणाला, ताई, या वर्षी तुमची तुला. आनंदाने लगेच हो म्हणून बसले, आणि मग भानावर आले. अख्ख्या वस्तीसमोर माझं वजन! किलो माईकवर सांगायचे नाहीत, अशी सुगतला शपथ घातली आणि लागले उपाशी राहायला. काकडी, लिंबूपाणी, परत काकडी. प्रितमराव समोर बसून रस्सा ओरपायचे, तेव्हा त्यांचा गळा धरावासा वाटायचा.

जयंतीला पांढरी साडी नेसून, पोट आत घेऊन पारड्यात बसले. पोट आत घेतलं म्हणून वजन कमी भरतं होय? पण अक्कलही डाएटवर होती. पारडी लवकरच समान झाली. बायका म्हणाल्या, बारीक झालीस गं. मी तर हवेतच.

वह्या वाटून संपल्या, तरी रांग उरली. पुढे उभ्या होत्या तळवलीच्या गिरजाबाई, नातीसाठी आलेल्या. त्यांनी सुगतचे रिकामे हात बघितले, मग मला वरून खालपर्यंत बघितलं.

"बाय, चार घास आनखी खाल्लं असतंस, तं माझे नातीला पन वही गावली असती."

उरलेले गठ्ठे दुकानदाराच्या टेम्पोत चढत होते. वजनाची आयुष्यभर वाटली नाही एवढी लाज मला त्या वेळी काकडीची वाटली.

"सुगत, टेम्पो थांबव," मी म्हणाले.

खिरीच्या पातेल्यापाशी गेले आणि वाटीवर वाटी चढवली. प्रितमरावांचा किल्ल्यांचा जुडगा मागून घेतला. परत पारड्यात बसले, या वेळी पोट सैल सोडून. दुसऱ्या पारड्यात आणखी वह्या पडायला लागल्या.

"आता किलो माईकवर सांग. मोठ्याने."

सुगतने सांगितले. टाळ्या झाल्या, गिरजाबाईंच्या हातात वही पडली. शिट्टी मात्र कोणी मारेना. बाईमाणसाच्या वजनाला कोण मारणार? मग मीच दोन बोटं तोंडात घातली. नीट वाजली नाही, बोटं खिरीची होती.