शिवणीतली पिशवी

ग्रीसमधल्या सालोनिकातल्या माझ्या पालोंबा मावशीला, ज्यू म्हणून, नाझींनी सतराव्या वर्षी पोलंडच्या छावणीत नेलं. तिथे तिने फाटक्या घोंगडीची तळहाताएवढी पिशवी शिवली. तिच्यात अर्धी फणी होती आणि भावाच्या सदऱ्याचं बटण. भावाने ते तारेपलीकडून फेकलं होतं. त्यानंतर तो कधी दिसलाच नाही. कैद्यांना काही बाळगायची बंदी होती, म्हणून मावशी ती पिशवी झग्याच्या शिवणीत लपवायची. हे फक्त ओरोला ठाऊक होतं. ओरो आमच्याच गल्लीतली, तिची लहानपणापासूनची मैत्रीण.

एका सकाळी पहारेकरीण थेट मावशीपाशी आली आणि तिने नेमकी तीच शिवण उसवली. मावशीला फटके बसले. संध्याकाळी ओरोकडे रोजच्या वाट्याहून जास्त, अर्धा पाव होता. त्यातला तुकडा तिने मावशीला दिला, आणि तो खाता खाताच मावशीला सगळं उमगलं.

दोघीही जगून परतल्या. मावशीने तिला बंदरावर गाठलं.

"का गं सांगितलंस?"

"भूक लागली होती, पालोंबा. आणि तूही खाल्लास की तो पाव!"

"मला घास तोंडात गेल्यावर कळलं. तुला तर आधीच ठाऊक होतं."



आमच्या गल्लीतल्या त्या दोघीच उरल्या होत्या. सणाला सिनेगॉगमध्ये त्या शेजारी बसायच्या, एकमेकींच्या मुलांना बदामाची मिठाई द्यायच्या. पण मावशीने तिला मनातलं पुन्हा काही सांगितलं नाही. मावशीचं ऑपरेशन झालं, तेही ओरोला शेजाऱ्यांकडून कळलं.