मारल्याबिना आत

चामोर्शीच्या बसमध्ये बसले होते, तेव्हा हमीदाबाईंच्या सुनेचा फोन आला. "अम्मी गेल्या..." एवढंच ती बोलली. रडण्याआधी मला चक्क हसू आलं. साध्या बाजारालाही बाई साऱ्या गल्लीला सांगून निघायच्या, आणि या वेळी अशा गुपचूप?

बाई आमच्या गल्लीतल्या बांगडीवाल्या. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्या ओट्यावर कोळशानं अष्टाचंगाचा पट आखायच्या. फाशांऐवजी फोडलेले चिंचोके, सोंगट्या म्हणून फुटक्या काकणांचे तुकडे, आणि आम्ही पोरी त्यांच्याभोवती. बाई सरळसरळ रडीचा डाव खेळायच्या. पकडल्या गेल्या की म्हणायच्या, "म्हातारी झाली ना मी, मले दिसत नाई." सुईत दोरा मात्र एका झटक्यात ओवायच्या! एक नियम तेवढा त्या काटेकोर पाळायच्या: समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत जायचं नाही.

पुढे माझा संसार मोडला आणि मी माहेरी परतले. नवऱ्यापेक्षा सासूवर माझा राग जास्त. तिला चारचौघांत खाली मान घालायला लावल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. उठता-बसता तेच पुराण. बाईंनी ते पुष्कळ दिवस ऐकून घेतलं, मग एकदा पट आखता आखता थांबल्या.

"काऊन वं पोरी, अजून खेळूनच राह्यली का तू?"

"म्हणजे?"

"अवं, मारल्याबिना आत जाता येत नाई, ते या पटावर. बाहेर कोण अडवते तुले? जा ना सरळ!"

इतकी चिडले की आठवडाभर ओट्याकडे फिरकले नाही. मग गेले ती बांगड्या भरायला शिकायलाच. बाई सरावाला स्वतःचा हात द्यायच्या आणि काकण फुटलं की गल्ली गोळा होईल अशी बोंब ठोकायच्या. किती हसलो आम्ही! त्याच धंद्यावर आज माझं घर चालतं.

बाई गेल्या आणि काही आठवड्यांनी मार्कंड्याची जत्रा भरली. जत्रेतल्या त्यांच्या नेहमीच्या जागेवरच मी दुकान मांडलं. गर्दीतून एक हात पुढे आला, "हिरव्या दाखव." वर पाहिलं, तर माझी पूर्वीची सासू. तिनंही ओळखलं, हात मागे घेऊ लागली. भोवती ओळखीच्या बायका होत्या, माझा एक शब्द पुरला असता. मी तो हात धरला, बोटं सैल केली, अंगठा आत दाबला... आणि बाई प्रत्येकीला विचारायच्या तसं तोंडून आपसूक निघालं, "दुखते का, बाई?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. हात भरून झाला, एकही काकण फुटलं नाही.